दोन बोटांची पट्टी

दादूस, काशीनाथचा फोन लागत नाही असं मी तुला तीन वेळा सांगितलं. मी तो लावलाच नव्हता.

पहिल्यांदा तू विचारलंस तेव्हा कळव्याच्या त्या दवाखान्यात सकाळची झाडलोट चालली होती. बाई पलंगाखालून ओलं फडकं फिरवत होती. तू नाकावरची नळी बाजूला केलीस आणि म्हणालास, "वसंता, काशीला बोलव. मना त्याच्याशी बोलाचा हाय." मी खिशातून फोन काढला, व्हरांड्यात गेलो, खाडीवरचा पूल बघत दोनेक मिनिटं उभा राहिलो आणि आत येऊन सांगितलं, "लागत नाय रे." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर व्हरांड्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "टिटवाल्याला रेंज नसंल," आणि भिंतीकडे तोंड केलंस.

चौथ्या दिवशी तू विचारलं नाहीस. पाचव्या दिवशी तू नव्हतास.

त्याला आज एकोणीस दिवस झाले. समाजाच्या अंकात तुझ्यावर मी लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. घरातला प्राध्यापक मी, वर तुझा चुलतभाऊ, तूच वाढवलेला. तू किती होड्या बांधल्यास, मच्छीमार सोसायटीत कुठल्या पदावर होतास, हे दुसरं कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय. जिवंतपणी जे बोललो नाही ते आता छापून येणार, याला काय म्हणायचं ते तूच म्हण. तुझ्याकडे अशा वेळी एक शिवी असायची.

आपलं भांडण कधी सुरू झालं ते मला नक्की आठवतं. माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. मी होडीवर यायचा हट्ट धरला. तू म्हणालास, "हाताला घट्टे पडले का पेन धरता येत नाय." मी पेन धरलं. अर्थशास्त्र शिकलो, डोंबिवलीच्या कॉलेजात लागलो, तिथंच ब्लॉक घेतला. दर रविवारी तू पिशवीतून मासळी घेऊन यायचास, सोफ्यावर न बसता बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसायचास आणि विचारायचास, "काय शिकवलंस या आठवड्याला?"

एका रविवारी मी सांगितलं, मासेमारीच शिकवली. फळ्यावर काढून दाखवली. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून मासा पकडेपर्यंत कुणाचाच नसतो. मी लहान मासा सोडला तर तो मोठा होऊन मलाच मिळेल याची काही खात्री नाही. शेजारी पकडेल. म्हणून मीही सोडत नाही, शेजारीही सोडत नाही, आणि शेवटी दोघांच्या जाळ्यात नुसतं प्लास्टिक येतं. प्रत्येकजण शहाणा असतो आणि सगळे मिळून बुडतात.

तू तंबाखू मळत ऐकत होतास. "मंजी सोडलेला मासा माझा रहात नाय."

"नाही राहत."

"मंग आपला रहातो का नाय?"

"'आपला' असं काही नसतं दादूस. तीच तर अडचण आहे."

"तुझ्या फल्यावर नसंल," तू म्हणालास, आणि वहिनीला सांगून माझ्यासाठी वेगळा ठेवलेला जिताड्याचा तुकडा माझ्याच बायकोकडून परत मागून स्वतः खाल्लास. त्या दिवशी ती किती हसली होती.

पण तू तेवढ्यावर सोडलं नाहीस. जिताडा हे तुझं सगळ्यात मोठं दुखणं. त्याची पिल्लं पावसाळ्यात खाडीत शिरतात, तिवरांच्या मुळांत वाढतात. बोटाएवढी असताना ती भरती-ओहोटीच्या धारेत बांधलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यात शेकड्यांनी यायची आणि बाजारात मिसळ माशांच्या वाट्यात जायची, ज्याचं मांजरालाही कौतुक नसतं. तीच दोन वर्षं थांबली तर एकेक मासा हातभर होतो, आणि मग हॉटेलवाले धक्क्यावर येऊन उभे राहतात. तू म्हणायचास, "आपुन सोन्याचा बी भाजून खातो." नुसतं म्हणून थांबला नाहीस. खाडीकाठच्या पाच गावांत स्वतः फिरलास, घरोघरी बसलास, शिव्या खाल्ल्यास, आणि एका पौर्णिमेला सगळ्यांना आपल्या गावदेवीच्या देवळासमोर आणून बसवलंस.

त्या बैठकीत ठरलं ते साधंच होतं. डोल जाळ्याचं शेवटचं निमुळतं टोक, ज्याला आपण खोला म्हणतो, जिथं सगळा मासा जाऊन साठतो, त्याची भोकं दोन बोटांपेक्षा बारीक ठेवायची नाहीत. तीन वर्षं. ज्याचं जाळं बारीक सापडेल त्याने ते देवळासमोर स्वतःच्या हाताने कापायचं. दुसऱ्या कुणी कापायचं नाही, दंड नाही, पोलीस नाही.

मग भांडण लागलं की दोन बोटं कुणाची. काशीनाथ उठला. सगळ्यांत कमी बोलणारा आणि सगळ्यांत टोकदार बोलणारा, तुझ्याच वयाचा, आपल्या गल्लीतला. तो म्हणाला, "दादूसची धराल तर झाला. दादूसची बोटा हायत का केल्यांचा घड? त्या भोकातून आख्खा काशीनाथ निसटंल." आणि आपली काड्यांसारखी दोन बोटं वर करून दाखवली. "ही धरा. देवाची कृपा, बारीक हायत." बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तू म्हणालास, "तुझ्या बोटांनी मोजला तर जिताड्याची आय पन सापडंल रं." शेवटी तुझीच बोटं ठरली. घरी जाऊन मोडक्या वल्ह्याचा तुकडा घेतलास, स्वतःची बोटं त्यावर ठेवून खूण केलीस, आणि तासून तासून सागवानाची एक पट्टी केलीस. भोकात ही पट्टी आडवी गेली तर जाळं बरोबर, अडली तर चूक.

तपासायला कोण? पाच गावांचा एकमेकांवर पैशाचा काय, मिठाचाही भरवसा नाही. तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "वसंता. त्याची होडी नाय. डोंबिवलीला रहातो. कोनाच्यात नाय." सगळ्यांनी मान हलवली. पट्टी माझ्या हातात आली. दादूस, कोणाच्यात नाही असं माझ्याबद्दल तू एकट्यानेच खरं मानलं होतंस.

पहिलं वर्ष वाईट गेलं. हलकी जाळी घेऊन परत येणाऱ्या माणसांचे चेहरे मी दर रविवारी बघत होतो. बारीक मासा निसटत होता आणि मोठा अजून झाला नव्हता. मी तुला म्हणालो, बघ, हेच मी म्हणत होतो. त्याग आज करायचा आणि फळ उद्या मिळायचं, तेही कुणाला ते ठाऊक नाही. तू म्हणालास, "उद्या येऊ दे. मंग बोल." दुसऱ्या वर्षी पावसानंतर जिताडा आला. एका सकाळी धक्क्यावर हातभर लांबीचे मासे ओळीने मांडलेले, आणि तू त्यांच्यामध्ये उभा. गावाने कितीतरी वर्षांनी असं बघितलं होतं. त्या दिवशी तू मला फोन केलास आणि फक्त एवढंच बोललास, "फला घेऊन ये रं तुझा."

मी हरलो होतो. हरण्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आता ते सांगतो.

तिसऱ्या वर्षी, थंडीत, एका रविवारी मी तुझ्या हरेशच्या होडीवर चढलो. हरेश तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा, नवं इंजिन घेतलेला. मी खोला हातात धरला, पट्टी भोकातून घातली. ती बाहेरच्या दोऱ्यांतून सहज गेली आणि आत कशाला तरी टेकली. मऊ, पण ताणलेलं. मला लगेच कळलं. मोठ्या भोकांच्या आतून त्याने बारीक जाळ्याचं अस्तर लावलं होतं. बाहेरून दोन बोटं, आतून करंगळीही जाणार नाही.

मी हरेशकडे बघितलं. तो हळू म्हणाला, "काका, आपुन भोका मोठी करतो आन खाडीच्या बाहेर ती मोठ्या बोटींची लोका रातच्याला दिवे लावून सगला उचलतात. आपुन सोडलेला त्यांच्या घरात जातो. तुमीच तर शिकवता."

मीच शिकवत होतो. त्याचं चुकीचं नव्हतं. जे थांबतात त्यांच्या थांबण्याला बाहेरून कुंपण नसेल तर ते दुसऱ्याची तिजोरी भरतात. हे वाक्य मी वर्गात लिहून दिलेलं आहे. पण मी गप्प बसलो ते त्यासाठी नाही. मी गप्प बसलो कारण तो तुझा मुलगा होता. तुझ्याच घरात पहिलं बारीक जाळं निघालं असतं तर पाच गावं तुझ्या तोंडावर थुंकली असती आणि करार त्याच संध्याकाळी मेला असता. असं मी स्वतःला समजावलं. करार वाचवण्यासाठीच मी हे करतोय.

धक्क्यावर माणसं वाट बघत होती. मी पट्टी बाहेर काढली.

"बरोबर," मी म्हणालो.

दादूस, आयुष्यात मी एवढाच एक शब्द खोटा बोललोय असं नाही. पण बाकीच्या खोट्यांनी कुणाचं काही बिघडलं नाही.

पुढे तीन आठवड्यांनी काशीनाथच्या जाळ्यात तसंच अस्तर सापडलं. या वेळी शेजारच्या गावची माणसं बरोबर होती, आणि पट्टी अडकल्याचं त्यांनीही बघितलं. देवळासमोर सगळे जमले. काशीनाथने जाळं आणून टाकलं. तू समोर उभा होतास, छाती ताठ, चेहरा दगडासारखा. नियम तुझा होता आणि माणूस तुझा लंगोटीयार होता. त्याने कोयती घेतली, खाली बसला आणि कापायच्या आधी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे नाही.

"वसंता," तो म्हणाला, "मी एकलाच हाय काय?"

मी हातातल्या पट्टीकडे बघितलं. तिच्यावर तुझ्या रंध्याची एक बारीक रेघ राहिली होती, ती मी बघत राहिलो.

काशीनाथने जाळं कापलं. सावकाश, एकेक दोरा. अर्धा तास लागला असेल. मग तो उठला, कोयती तुझ्या पायाशी ठेवली आणि घरी गेला. महिन्याभरात त्याने होडी मोडीत काढली आणि टिटवाळ्याला मेव्हण्याकडे गेला. नव्या इमारतीवर वॉचमन लागला. आणि तू बघितलंस ना, काशीनाथसारखा माणूस गेल्यावर बाकीच्यांचं मन कसं उतरलं. एकेक अस्तर लागत गेलं. उन्हाळ्यापर्यंत पाचही गावांत दोन बोटं फक्त बोलण्यापुरती उरली. जिताडा पुन्हा बोटाएवढा झाला.

तेव्हापासून दर वर्षी, कधी बाल्कनीत, कधी फोनवर, तू मला एकच प्रश्न विचारत आलास. "करार का मोडला रं वसंता?" आणि दर वर्षी मी तुला अर्थशास्त्र सांगत आलो. बाहेरच्या बोटी, डिझेलचे भाव, माणसाला आजचं दिसतं उद्याचं दिसत नाही. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी त्याच्या मागे लपलो होतो एवढंच.

नौपाड्यातलं ते व्याख्यान आठवतंय? 'सागरी मासेमारीचे भवितव्य'. छोटासा हॉल, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तू शेवटच्या रांगेत, पांढरा सदरा घालून, पहिल्यांदाच माझं व्याख्यान ऐकायला आलेला. मी छान बोललो. मोठ्या बोटींना आवर घातला पाहिजे, लहान मच्छीमारांना आपापल्या पाण्यावर हक्क मिळाला पाहिजे, जाळ्याच्या भोकाचा नियम कागदावर असून चालत नाही, तो पाळणाऱ्यांनीच राखला पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर तू उठलास. मला वाटलं कौतुक करशील.

"सर," तू म्हणालास. मला सर म्हणालास! लोक वळून बघायला लागले. "पालणाऱ्यांनीच राखला पायजे, ता बरोबर. पन राखणारा चुकला तर कोन सांगंल?"

मी काहीतरी बोललो. सामूहिक देखरेख, पारदर्शकता. तू मान डोलावून खाली बसलास. मग खाली येऊन चहा घेताना मला बटाटेवडा दिलास आणि म्हणालास, "चांगला बोललास. पन उत्तर नाय दिलास."

तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही, दादूस. इतका मी माझ्या लपण्यात हुशार होतो.

तू गेलास त्या दिवशी तुला नेसवायला नवं धोतर काढायचं म्हणून हरेशने तुझी पत्र्याची पेटी उघडली. मी शेजारीच होतो. धोतराच्या खाली, वर्तमानपत्रात बांधलेलं, काहीतरी होतं. हरेशने ते सोडलं आणि जमिनीवर बसला. बारीक जाळ्याचे तुकडे होते. वीतभर, वीतभर, सगळे एका मापाचे, आणि तुझ्या गाठीने एकत्र बांधलेले. हरेशचं अस्तर.

तो म्हणाला, करार मोडायच्या आधीच, काशीनाथचं जाळं कापलं त्याच रात्री, त्याने भीतीने ते काढून माळ्यावर लपवलं होतं. पावसाळ्यात बघतो तर गायब. घरात कुणी काही बोललं नाही, म्हणून त्यानेही विचारलं नाही. आठ वर्षं.

म्हणजे तुला पावसाळ्यात सापडलं. ज्या दोऱ्यापासून मी तुला वाचवलं असं समजत होतो, तो तुझ्याच हातात आला होता. आणि नियम तर तुझाच: ज्याचं जाळं बारीक, त्याने ते स्वतःच्या हाताने कापायचं. तू मुलाला हाक मारली नाहीस. घरातला कर्ता म्हणून स्वतः बसलास आणि एकट्याने कापलंस. आणि मग दर वर्षी माझ्यासमोर येऊन विचारलंस, करार का मोडला. तुला उत्तर माहीत होतं. मी ते देतो का, हे तू बघत होतास. आठ वेळा दार उघडलंस आणि मी आठही वेळा उंबऱ्यावरून व्याख्यान दिलं.

पण दादूस, आता मी तुझ्यावर चिडलोय तेही ऐक. तू देवळासमोर का नाही कापलंस? पेटीत का? काशीनाथने सगळ्या गावासमोर कापलं, त्याच्या बायकोच्या डोळ्यांसमोर, आणि तू दार लावून. मी भित्रा, हे मान्य. पण तूही टिटवाळ्याची वाट धरली नाहीस. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलास. त्या माणसाला एकटाच चोर म्हणून आपण दोघांनी जगू दिलं. मी माझ्या भीतीपोटी, तू तुझ्या मुलापोटी. तुला शेवटी बोलायचं होतं, आणि मी व्हरांड्यात फोन हातात धरून उभा राहिलो, कारण तू काशीनाथशी बोललास तर माझं नाव त्यात येईल. बाकी सगळ्याला काही ना काही कारण सांगता येतं. या फोनला माझ्याकडे काही कारण नाही.

बाराव्यानंतर मी हरेशला विचारलं. "तुझं नाव घालून लिहू का?" त्याचे डोळे सुजलेले होते. "लिवा काका. बाबांनी कापून ठेवलाय, मी काय लपवू आता?"

मग टिटवाळ्याला गेलो. स्टेशनपासून रिक्षाने बरंच आत, जिथं इमारती अजून रंगाविना उभ्या आहेत. काशीनाथ गेटवर होता. निळा युनिफॉर्म, त्यावर शिट्टी. केस पार पांढरे. मला ओळखलं आणि उठला नाही.

"वही भरा," तो म्हणाला. "नाव, कुठून आलात, कोनाकडे. नियम म्हंजी नियम."

मी लिहिलं. वसंत, डोंबिवली, काशीनाथकडे. त्याने ते वाचलं, वही मिटली. "दादूस गेला ता कळला," तो म्हणाला. "येवाचा होता. पन मना कोन बोलावला नाय."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. हरेशचं अस्तर, माझं 'बरोबर', तुझी पेटी. तो ऐकत होता, मध्येच गेटचा दांडा वर करून एका गाडीला आत सोडलं, पुन्हा येऊन बसला.

"हरेशचा मना तवाच म्हाईत होता," तो म्हणाला. "बायकोनं बाजारात बगितला, त्याच्या बायकोच्या पाटीत बोटाबोटाएवढा मासा. म्हनून तर मी पन लावला. दादूसचा पोरगा लावतो तर मी काय येडा?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"दादूसच्या तोंडावर? त्याच्या पोराचा नाव?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मी तुना विचारला ना. पट्टी कोनाच्या हातात होती?"

मला एवढ्यावर थांबता आलं असतं. थांबलो असतो तर तो कदाचित चहाही म्हणाला असता. मी सांगितलं, दादूसने तुला बोलावलं होतं. तीन वेळा. मी फोन लावला नाही.

तो उठला. मला वाटलं मारेल; मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने हातातली काठी भिंतीला टेकवली, पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. "जाल्याचा जाव दे," तो म्हणाला, आवाज एकदम पातळ झालेला. "जाला फाटतो, शिवतो. त्यानं मना बोलावला, आन तू..." दांडा खाली टाकला, मी बाहेर आणि तो आत. "जा आता."

मी गेलो.

काल रविवार. हरेश आणि त्याच्या वयाच्या पोरांनी तुझ्या नावाने पुन्हा देवळासमोर बैठक बोलावली होती. पाचांपैकी दोनच गावं आली. बाहेर त्या मोठ्या बोटी अजून आहेत, त्यांचे दिवे अजून आहेत, आणि त्यांच्याशी भांडायचं तर आधी आपलं घर नीट हवं, असं पोरं म्हणत होती. तुझीच वाक्यं, त्यांना माहीतही नसेल. दोन बोटांचा नियम पुन्हा लागू करायचा ठरला. वहिनीने पट्टी आणून माझ्या हातात दिली. "तपासनी वसंतभावजीच करतील," ती म्हणाली. सगळ्यांनी मान हलवली, तशीच, त्या पौर्णिमेच्या बैठकीसारखी.

मी उभा राहिलो आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. फोनचंही. वहिनीकडे बघून सांगता आलं नाही, म्हणून देवीच्या दाराकडे बघून सांगितलं. लोकं माझ्यावर ओरडली असती तर मला उभं राहायला काहीतरी धरता आलं असतं.

मग मागून आवाज आला. "पट्टी इकडं आना."

काशीनाथ होता. युनिफॉर्ममध्येच, ड्यूटी संपवून आलेला. कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. त्याने माझ्या हातातून पट्टी घेतली, उलटसुलट केली, तुझ्या रंध्याची रेघ अंगठ्याने चोळली. "दर रविवारी मी येन," तो लोकांना म्हणाला. "पन पयली होडी नियम करणाऱ्याच्या घरची. दर येलेला. चल रं हरेश."

सगळं गाव धक्क्यावर आलं. हरेशने खोला काढून समोर धरला. काशीनाथने पट्टी घालायच्या आधी आपली काड्यांसारखी दोन बोटं घातली. कुणीतरी मागे किंचित हसलं. मग पट्टी. ती गेली. पण तो तिथं थांबला नाही. खोल्याचं तोंड उघडून त्याने हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि आतून चाचपत राहिला. दादूस, मी तीन वर्षं दर रविवारी जाळी तपासली. एकदाही आत हात घातला नव्हता.

त्याने हात बाहेर काढला आणि माझ्याकडे वळला.

"आता तू."

मी गुडघ्यावर बसलो. हात आत घातला. दोरे ओले होते, गार. बोटं एका भोकातून पलीकडे गेली, दुसऱ्यातून गेली, तिसऱ्यातून. सगळीकडे पलीकडची हवा लागत होती. आत काही नव्हतं. मी तरी पुन्हा शेवटपर्यंत चाचपलं.

"बरोबर," मी म्हणालो.

"मना आयकू येत नाय," काशीनाथ म्हणाला. "जरा मोठ्यानं."